एका भिंतीला कळलावी, एका भिंतीला गौरी

माणसांनी कशावरून भांडावं याला काही सुमार असतो, असं कर्नाटकाच्या सीमेवरच्या हळ्ळीखेडला राहायला जाईपर्यंत मला वाटत होतं. तिथं आमच्या गल्लीत एका वेलीवरून भांडण चालू होतं. कारण काय, तर ती वेल घराघरांत भांडणं लावते! म्हणजे वेल भांडण लावते म्हणून लोक भांडत होते, आणि लोक भांडतायत यावरून वेल भांडण लावते हे सिद्ध होत होतं. अशा तर्काला कुठून धरायचं ते सांगा.

वेल माझ्या घरमालकिणीची. त्या निवृत्त नर्स. गावात सगळे त्यांना ‘सिस्टर’ म्हणत, सख्ख्या भावाची नातवंडंसुद्धा ‘सिस्टर आजी’ म्हणत. त्यांच्या मागच्या खोलीत मी दोन वर्षं राहिले. आमची संघटना तेव्हा दोन आघाड्यांवर लढत होती. एक, माळावरची औषधी मुळं पोत्यांनी खणून नेणाऱ्यांच्या विरोधात, आणि दुसरी, अंधश्रद्धेच्या विरोधात. पत्रकं लिहिण्याचं काम माझं. सिस्टरनी मला नावानं कधी हाक मारली नाही. ‘लीडर’ म्हणायच्या. “लीडर, चहा निवायलाय. क्रांती मागून केलीस तरी चालतंय.”

खोली बघायला गेले तेव्हा घरामागं दोन खाटा मावतील एवढा वाफा दिसला. लाल मुरूम, थोडी वाळू, वर सीताफळाचा कुजलेला पाला. वाफ्यात तुराट्या रोवलेल्या आणि त्यांवर एक वेल चढत होती. तिच्या प्रत्येक पानाचं टोक बारीक होत होत शेवटी दोऱ्यासारखं वळलेलं, आणि त्या दोऱ्यानं तुराटी घट्ट धरलेली. वेलीला हात असतात हे मी पहिल्यांदा पाहत होते.

“ही कसली वेल?” मी विचारलं.

“वळखलीस न्हाई?” त्यांनी माझ्या झोळीतून डोकावणाऱ्या पत्रकाकडं बोट दाखवलं. “तुझ्या कागदात तर हिला ‘आपला वारसा’ लिहिलीस.”

कळलावी होती. गेलं वर्षभर मी तिला वाचवत होते. पाहिली नव्हती एवढंच.

सिस्टर फार बोलत नसत, पण जे बोलत ते दवाखान्याच्या भाषेत. बी पेरलं की “दिवस गेलेत.” मोड आला की “सुटका झाली.” पान पिवळं पडलं की “रक्त कमी हाय.” कर्नाटकात गरोदर बाईला सरकारी नोंदीचं ‘तायी कार्ड’ मिळतं. जुन्या नमुन्याची, रद्द झालेली कोरी कार्डं सिस्टरांकडं गठ्ठाभर होती, आणि प्रत्येक वेलीचं एकेक कार्ड त्यांनी भरलेलं होतं. पेरणी कधी, पहिलं पान कधी, कंदाला फाटा कधी फुटला, सगळं. नवऱ्याच्या नावाच्या रकान्यात ‘फुलपाखरू’. काही कार्डांवर मात्र ‘कापूस’.

“हे काय?”

“फुलपाखरू आलं न्हाई तर काडीला कापूस गुंडाळून मीच फिरवते. खोटं कामून लिहायचं?”

बियांपासून ही वेल फुलावर यायला तीन-चार वर्षं घेते. पहिल्या वर्षी वीतभर कोंब येतो, थंडीत वाळून जातो, जमिनीखाली वाटाण्याएवढा कंद ठेवून. दुसऱ्या वर्षी कंद बोटाएवढा. मग हळूहळू तो नांगरासारखा दोन फाट्यांचा होतो. प्रत्येक फाट्याच्या टोकाला एकच डोळा, आणि तो मोडला की तो फाटा गेला. दसऱ्यानंतर वर काही शिल्लक राहत नाही, वाफा म्हणजे नुसती माती. अशा उन्हाळ्यात एका सकाळी मी सिस्टरना वाफ्यापाशी उकिडवं बसलेलं पाहिलं. गरोदर बाईच्या पोटाला लावून बाळाचे ठोके ऐकायचं जुनं लाकडी नळकांडं त्यांनी मातीवर टेकवलं होतं आणि कान लावून त्या ऐकत होत्या.

“काय ऐकू येतंय?” मी विचारलं.

“गप. हाय. जिता हाय.”

त्या थट्टा करत होत्या की नाही, हे मला आजही सांगता येत नाही. चेहरा तर ओपीडीतला होता.

फूल आलं तेव्हा मी त्या वाफ्यापुढून हलले नाही. कळी हिरवी, मान खाली घातलेली. दुसऱ्या दिवशी पाकळ्या उलट्या फिरून वर गेल्या, जसं कोणी केस एकदम मागं सारावेत. कडा चुरगाळलेल्या, बुडाशी रंग पिवळा, टोकाला लाल. रोज लाल थोडं खाली उतरायचं, आणि आठवड्यानं पिवळं पार संपलेलं. एकच फूल रोज वेगळं. मी विचारलं, असं का होतं? सिस्टर म्हणाल्या, “ठाऊक न्हाई. तू तर शिकलेली. हुडकून सांग.” मी पत्रकं लिहिणारी, मला सगळ्याचं उत्तर असायचं. याचं नव्हतं.

त्यांना या वाफ्यातून शंभर कंद करायचे होते. शंभर झाले की गावाबाहेरच्या माळावर परत नेऊन लावायचे. तिथं पूर्वी बोराटीच्या प्रत्येक जाळीत कळलावी असायची, आता एकही नव्हती. मी होते तेव्हा साठ झाले होते. एवढ्याचसाठी त्या जगत होत्या असं म्हटलं तर नाटकी वाटेल. पण मुलगा पुण्याला बोलवायचा, तेव्हा त्या फोनवर सांगायच्या, “साठ जणी अंगावर हाईत रे. कसं येऊ?”

आता भांडण.

वाफ्याच्या दोन बाजूंना दोन भिंती. उजवीकडं कानडी बोलणाऱ्या अक्का. त्यांच्या भाषेत याचं नाव ‘गौरी हूव’, गौरीचं फूल. गौरीच्या पूजेला हेच फूल पाहिजे. त्या पावसाळाभर भिंतीवरून वेलीला डोळ्यांनीच नमस्कार करायच्या. डावीकडं मामी. घरची चांगली शेती, मराठी बोलणारं घर, आणि मराठीत या वेलीचं नाव कळलावी. कळ लावणारी! घराजवळ लावली की घर फुटतं. दुसऱ्याचं घर फोडायचं असेल तर तिचा तुकडा त्याच्या आढ्यात खोचतात म्हणे. एकाच वेलीचा एक फाटा या भिंतीवर गेला की लक्ष्मी, त्या भिंतीवर गेला की अवदसा. सिस्टर त्याप्रमाणे फाटे वळवायच्या, उजवीकडं.

मामींचा मुलगा आणि सून एकमेकांशी कडाकडा भांडत होते. सुनेला बाळंतपणानंतर हैदराबादला बिऱ्हाड करायचं होतं, मुलाला शेत सोडवत नव्हतं. यात वेल कुठं आली? पण मामींनी वेल पकडली.

“सिस्टर, तुमच्यात चालत आसंल. आमच्यात ही दारात लावत न्हाईत,” मामी भिंतीवरून म्हणाल्या.

‘तुमच्यात’ हा शब्द ऐकून माझं डोकं फिरलं. सिस्टरांचं घर बौद्ध आहे, आणि मामींना काय म्हणायचं होतं ते गल्लीतल्या मांजरालाही कळलं असतं. मी तोंड उघडणार, तेवढ्यात सिस्टर शांतपणे म्हणाल्या, “आमच्यात बी भांडणं व्हत्यात की, मामी. वेल नसताना बी व्हत्यात. लई झ्याक व्हत्यात.”

अक्का पलीकडून खुदकन हसल्या. मामी चिडल्या. त्यांनी पंचायतीत अर्ज दिला, की ही विषारी आणि अशुभ वेल वस्तीतून काढून टाकावी. गौरीच्या सणानंतर बैठक ठरली. पंचायतीनं काढा म्हटलं की चार वर्षांचं काम एका दुपारी संपणार होतं. भर पावसाळ्यात उपटलेला कंद क्वचितच जगतो. जुना कंद वेलीनं खाऊन संपवलेला असतो आणि नवा अजून भरलेला नसतो.

मी म्हणाले, “आपण निवेदन देऊ. सह्या घेऊ. ही अंधश्रद्धा आहे.”

“हाय की.”

“मग तुम्ही गप्प का?”

“अर्जात दोन शब्द हाईत, लीडर. अशुभ खोटं हाय. विषारी खरं हाय.”

मग त्यांनी वाळक्या तुराट्या मोडत मोडत मला ते सांगितलं. नोकरीची सुरुवातीची वर्षं, औराद तालुक्यातली एक वस्ती. पहिलटकरीण अडली होती. सिस्टरना बोलावणं आलं, त्या पोचेपर्यंत सासूनं कळलावीचा कंद उगाळून पाजला होता, कळा याव्यात म्हणून.

“हातपाय गार. पोरगी गेली, लेकरू बी गेलं. मग मी काय केलं ठावं हाय? माझ्याकडं सात गावं होती. सातीच्या सात गावांत हुकूम सोडला, दिसंल तिथं उपटा. अंगणवाडीच्या बाया लावल्या. दोन पावसाळ्यांत एक वेल ठेवली न्हाई.”

“बरोबरच केलंत.”

“काय बरोबर? पुढल्या साली दुसऱ्या सासूनं दुसरं मूळ उगाळलं. वेल गेली, सासू हाय तिथंच.” त्यांनी तुराटीचा तुकडा बाजूला फेकला. “मी माणसाला बोलायचं सोडून झाडाला बोलले. सोपं व्हतं म्हनून.”

हे सगळं मी ऐकलं होतं. स्वतःच्या कानांनी. तरीही मी ते पत्रक लिहिलं.

संघटनेत आम्हाला शिकवलं होतं, एका पत्रकात एकच मुद्दा. दुसरा मुद्दा घातला की पहिला मरतो. माझा मुद्दा भांडणाचा होता. मथळा दिला, ‘कळलावी भांडण लावत नाही!’ खाली ठणकावून लिहिलं, ‘कळ म्हणजे भांडण नव्हे. कळ म्हणजे बाळंतकळ. अडलेल्या बाईला कळा आणणारी, म्हणून ती कळलावी. आपल्या आज्या-पणज्यांनी दिलेल्या या नावाला बदनाम करू नका. घरोघरी लावा!’ वर फुलाचं रंगीत चित्र. विषाबद्दल एक ओळ मी लिहिली होती आणि खोडली होती. ती मामींच्या अर्जाला बळ देईल म्हणून खोडली. भूल पडली असं म्हणायची सोय मला नाही. दोनशे प्रती काढल्या, आठवडी बाजारात वाटल्या. सिस्टरना दाखवलं नाही. पंचायत जिंकल्यावर दाखवणार होते.

तिसऱ्या दिवशी दुपारी मामी दारातून आत आल्या. भिंतीवरून नाही, दारातून! हातात वाटीभर शेंगाची चटणी आणि घडी घातलेलं माझं पत्रक.

“सिस्टर, माजंच चुकलं,” त्या म्हणाल्या. “ह्या पोरीनं लिव्हलंय ते सुनेनं वाचून दावलं. अर्ज मागं घेते मी.”

खोटं कशाला बोलू, माझी छाती फुगली. पत्रकानं माणूस बदलतो हे मी त्या दिवशी डोळ्यांनी पाहिलं. मामी वाफ्यापाशी जाऊन मायेनं वेलीकडं पाहत होत्या.

“येवढा एक तुकडा द्या की हिचा,” त्या म्हणाल्या. “सुनेला नऊ भरून वर आठ दिस झाले. कळाच न्हाईत.”

सिस्टरनी माझ्याकडं पाहिलंसुद्धा नाही. त्यांनी मामींच्या हातातलं पत्रक घेतलं, उभ्यानंच वाचलं, पुन्हा वाचलं.

“मामी, आधी कुठनं आणून दिलाव का?”

“न्हाई ओ. तुमच्याकडंच आले की पहिली.”

“आईची आन?”

“आईची आन. कामून?”

सिस्टर चप्पल न घालता मामींच्या घरात गेल्या. मी मागं. सून चौकात बाजेवर बसून शेंगा फोडत होती. सिस्टरनी तिच्या पोटावर हात ठेवला, नाडी पाहिली, काय खाल्लं-प्यालं ते विचारलं, आणि तिच्या नवऱ्याला ऑटो आणायला पिटाळलं. मामींना म्हणाल्या, “त्या वेलीचा तुकडा पोटात गेला तर कळा येतील का न्हाई ठाऊक न्हाई. मरण येतंय. म्या बघितलंय.” मामी खाली बसल्या. सुनेला तालुक्याच्या दवाखान्यात नेलं. सिस्टर सोबत गेल्या. दुसऱ्या दिवशी तिला मुलगी झाली, दोघी सुखरूप.

परत आल्यावर सिस्टर पाय धुऊन ओट्यावर बसल्या. मी माफी मागायची वाक्यं तयार ठेवली होती.

“किती छापलीस?” त्यांनी विचारलं.

“दोनशे.”

“आण.”

“काय?”

“दोनशे परत आण.”

पत्रकं वाटायला माणसाला शिकवतात. परत घ्यायला कोणी शिकवत नाही. मी बाजारापासून सुरुवात केली. भजीवाल्यानं चाळीसेक गुंडाळून संपवली होती, ती बरी. शिंप्यानं एक खिडकीला डकवलेलं. एकानं खिशातून काढून दिलं, पण म्हणाला, “तुम्हीच दिलाव, तुम्हीच घ्यायलाव. खरं का खोटं ते तरी सांगा.” अर्धं खरं, मी म्हणाले. “मंग अर्धं फाडून द्या,” तो म्हणाला. अक्कांनी तर पत्रक गौरीपुढं हळद-कुंकू लावून ठेवलं होतं, कारण वर फुलाचं चित्र. “देव्रु चित्र हाय अम्मा, बेडा, फाडू नका.” त्यांना चित्र कापून ठेवू दिलं आणि मजकूर घेतला. चार दिवसांत भजीची धरून एकशे साठ झाली. मग एका दुकानदारानं मला फोन दाखवला. पत्रकाचा फोटो. तो गावाच्या ग्रुपवर आला होता, तिथून खजुरी गावातल्या पाहुण्यांकडं गेला होता, तिथून लातूरकडं.

मी गठ्ठा आणि तो फोटो सिस्टरांपुढं ठेवला. त्यांनी फोन लांब धरून पाहिला.

“हे कसं आणणार?”

त्या उठल्या आणि खुरपं घेऊन वाफ्यात उतरल्या.

“आता? फुलात असताना?” मी ओरडले. “सगळ्या मरतील. मी दुसरं पत्रक काढते. विष आहे असं मोठ्या अक्षरात लिहिते. वाफ्याला कुलूप घालू.”

“काढ. काढच. लई बारीक लिहू नकोस.” त्या खणतच होत्या. “पर वाटंनं जाणाऱ्या सगळ्यास्नी आता ठावं झालंय, हितं काय मिळतंय ते. बायकोच्या कळा थांबलेला माणूस कुलपाला बघत न्हाई.”

दोन दिवस लागले. वेली बुडापासून कापायच्या, मातीच्या गोळ्यासकट कंद उचलायचे, ओल्या पोत्यावर ठेवायचे. नवे कंद बोटाच्या पेराएवढे, पांढरे, कोवळे. सिस्टर त्यांना हातात घेऊन म्हणायच्या, “अपुऱ्या दिवसांचं.” पुढचा कंद उचलायच्या. मी मोडलेले डोळे मोजायला लागले, तेव्हा मोजू नको म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी मामी भिंतीशी येऊन उभ्या राहिल्या. छातीशी तान्ही नात. उघडा पडलेला वाफा त्यांनी पाहिला आणि खरंच हळहळल्या.

“सिस्टर, आता कामून उपटायलाव? आता तर आपलं भांडण मिटलं.”

“मिटलं म्हनूनच, मामी,” सिस्टर म्हणाल्या.

त्याच आठवड्यात आम्ही दोघींनी ते कंद माळावर नेऊन बोराटीच्या जाळ्यांत लावले, जिथं गुरं तोंड घालत नाहीत आणि माणूस हात घालत नाही. माझे कोपरापर्यंत हात रक्ताळले. संघटनेनं नंतर मला सुचवलं, की हा प्रयोग छान आहे, जागेचा नकाशा देऊन यावर एक पुस्तिका काढ. मी नाही म्हणाले. कारण विचारलं, तर सांगितलं नाही. संघटनेत मी पहिल्यांदाच एखादी गोष्ट लपवली.

पुढच्या पावसाळ्यापर्यंत मी खोली सोडून कलबुर्गीला गेले होते, तिथून मुद्दाम आले. माळ हिरवा झाला होता. एकेका जाळीपाशी उकिडवं बसून फांद्या काठीनं वर उचलायच्या आणि आत बघायचं. पहिल्या चार जाळ्यांत काही नाही. पाचवीत एक कोंब, पानाच्या टोकाला तो बारीक दोरा, आणि त्यानं बोराटीचा काटाच धरलेला. सिस्टर हसल्या. मग सातवीत दोन. असं करत अकरा वेली सापडल्या, साठांतल्या अकरा, आणि अजून तीन-चार जाळ्या बघायच्या राहिल्या होत्या. तेवढ्यात चढावरून मेंढरं घेऊन एक अण्णा आले.

“काय हुडकायलाव, सिस्टर?”

“शेळी,” सिस्टर म्हणाल्या.

“कुणाची?”

“हिची.”

अण्णांनी माझ्याकडं पाहिलं. पँट, झोळी, चष्मा. “कसली हाय, ताई?”

“तांबडी,” मी म्हणाले. “एका कानावर पांढरा ठिपका.”

अण्णांनी काठीनं खाली दाखवलं. “मंग तिकडं वढ्याकडं जावा की. तसलीच एक आत्ता पानी प्यायलीय बगा. चला, म्या दावतो.”

आम्ही निघेपर्यंत ते जागचे हलेनात. त्यांची मेंढरं जाळ्यांच्या कडेनं चरत पुढं सरकत होती. सिस्टरनी पदर खोचला, मी काठी उचलली, आणि राहिलेल्या जाळ्यांकडं मागं वळून न पाहता आम्ही दोघी अण्णांच्या मागून ओढ्याकडं शेळी शोधायला निघालो.